वाचक विचारतात : ‘एयमी काय?’

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की चिलीच्या दक्षिणेला तेमुको शहरात आमचा तीन वर्षं मुक्काम होता तेव्हा मी दर शनिवारी सकाळी मापुदुंगुन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी मापुचे लोकांची भाषा, शिकायला जायचे. लेख होता स्पॅनिश क्रियापदांवर. क्रियापदांबद्दल एकही पत्र आलं नाही, या एका वाक्याबद्दल मात्र सात आली. तेव्हा या खेपेला स्पॅनिशला सुट्टी.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये मी आणि माझी मुलगी तेमुकोला जात आहोत. त्यातले दोन दिवस एका मापुचे कुटुंबाकडे मुक्काम आहे. मला स्पॅनिशही येत नाही. निदान नमस्कार करता यावा, नाव सांगता यावं, एवढंच. वाक्यं देवनागरीत लिहून द्याल का?

देते. पण आधी तोंड तयार करा, मग वाक्यं.

मापुदुंगुन म्हणजे ‘भूमीची भाषा’. ‘मापू’ म्हणजे भूमी, ‘दुङुन’ म्हणजे बोलणं. ‘चे’ म्हणजे माणसं, म्हणून मापुचे. आपण सवयीने ‘दुंगुन’ लिहितो खरे, पण त्यात ‘ग’ नाही, आहे तो फक्त ‘ङ’. शाळेत ‘क ख ग घ ङ’ घोकलंत आणि नंतर ‘वाङ्मय’ सोडलं तर तो कुठे भेटला नाही ना? तिथे तो पावलोपावली भेटेल, शब्दाच्या सुरुवातीलासुद्धा. ‘ञ’चीही तीच गोष्ट. माझ्या वर्गातली एक जर्मन मुलगी सुरुवातीच्या ‘ङ’पाशी महिनाभर अडून बसली होती. मला तो पहिल्याच दिवशी जमला आणि बाराखडीबद्दल आयुष्यात प्रथमच कृतज्ञता वाटली.

‘च’ चहातला, चमच्यातला नव्हे. ‘दुङुन’मधला ‘द’ मात्र आपला नाही. जिभेचं टोक दातांमध्ये हलकं धरून हवा सोडायची, इंग्रजी ‘थिंक’मध्ये सोडतो तशी. आणि एक सहावा स्वर आहे. ओठ अजिबात गोल न करता ‘उ’ म्हणून पाहा, तो तोच. जोर नसलेल्या जागी तो आपल्या ‘अ’च्या अगदी जवळ येतो. त्याला आपल्याकडे अक्षर नाही, म्हणून मी ‘उ’च लिहिते आहे. खाली कुमे, कुमेलेन, कुपाल्मे, तुवुन हे शब्द येतील, त्यांतला ‘कु’ आणि ‘वु’ असा सपाट ओठांनी म्हणा.

आता संभाषण. दोघी बायका आहेत असं धरू या. नाव, समजा, सरिता.

– मारी मारी, लाम्ङेन.
– मारी मारी, लाम्ङेन. चुम्लेयमी?
– कुमेलेन. एयमी काय?
– कुमेलेन. इनेय पिङेयमी?
– इञ्चे सरिता पिङेन.
– चेव तुविमी?
– इंडिया मापू तुवुन.

नमस्कार ताई, नमस्कार ताई. कशी आहेस? बरी आहे, आणि तू? बरी आहे. नाव काय तुझं? मला सरिता म्हणतात. कुठली तू? भारतातली.

‘एयमी काय’ हे वाचून हसलात ना? मीही हसले होते. ‘एयमी’ म्हणजे तू आणि ‘काय’ म्हणजे ‘आणि, शिवाय’, म्हणून ‘आणि तू?’ योगायोग आहे, बाकी काही नाही. मापुदुंगुनचं कुठल्याच भाषेशी नातं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. शेजारच्या केचुआशीही नाही आणि स्पॅनिशशी तर नाहीच. पण आपल्याला हा ‘काय’ फुकटात पाठ होतो, तो सोडू नका.

‘पिङेन’कडे जरा थांबून पाहा. ‘पि’ म्हणजे म्हणणे. ‘ङे’ लावला की दुसरे म्हणतात असा अर्थ येतो. शेवटचा ‘न’ म्हणजे मी. तीन टाके घातले की ‘मला म्हणतात’ तयार. ‘न’ काढून ‘यमी’ लावलं की ‘तुला म्हणतात’, नुसता ‘य’ लावला की ‘त्याला किंवा तिला म्हणतात’. म्हणजे मुलीची ओळख करून देताना शेवटी ‘पिङेय’. ‘कुमेलेन’चंही तसंच : ‘कुमे’ म्हणजे चांगलं, ‘ले’ म्हणजे त्या स्थितीत असणं, ‘न’ म्हणजे मी. आणि नाव विचारताना तिथे ‘काय’ विचारत नाहीत, ‘कोण’ विचारतात. ‘इनेय’ म्हणजे कोण. कोण म्हणतात तुला?

आभार ‘चाल्तू’ किंवा ‘चाल्तू माय’. हो म्हणजे ‘माय’, नाही म्हणजे ‘मू’. निघताना ‘पेवकायाल’. त्यातला ‘पे’ पाहण्याचा आहे, म्हणजे पुन्हा एकमेकांना पाहू तोवर. सकाळ, दुपार, रात्र यांचा हिशेब ठेवायला नको, ‘मारी मारी’ केव्हाही चालतं.

प्रश्न : माझा नातू (वय 9) विचारतो, की ‘मारी मारी’ म्हणजे मारामारी का?

नाही रे बाबा. ‘मारी’ म्हणजे दहा. दहा दहा. तिथली मंडळी असं समजावून सांगतात, की माझी दहा बोटं तुझ्या दहा बोटांना भेटली. मला हे एका आजीने दोन्ही हात धरून सांगितलं होतं, त्यामुळे मी ते तपासायच्या भानगडीत पडले नाही.

प्रश्न : मी पुरुष आहे. इंटरनेटवर कुठे ‘मारी मारी पेञी’ दिसतं, कुठे ‘मारी मारी लाम्ङेन’. कोणतं बरोबर?

दोन्ही. पण तुम्ही कोण आणि समोर कोण, त्यावर.

पुरुषाने पुरुषाला म्हणायचं ‘पेञी’, म्हणजे भाऊ. पुरुषाने बाईला ‘लाम्ङेन’, म्हणजे बहीण. बाईने मात्र बाईलाही ‘लाम्ङेन’ आणि पुरुषालाही ‘लाम्ङेन’. बाईच्या तोंडी ‘पेञी’ नाहीच.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या शनिवारी माझ्या पुढे तीन तरुण पोरं होती. दारात एक म्हातारा रखवालदार खुर्ची टाकून बसायचा. तिघेही त्याला ‘मारी मारी, पेञी’ म्हणत हात मिळवून आत गेले. मीही मोठ्या उत्साहाने हात पुढे केला आणि म्हटलं, ‘मारी मारी, पेञी’. त्याने मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, साडीवर घातलेल्या स्वेटरवर नजर थोडी थांबली, मग अत्यंत गंभीर चेहऱ्याने माझा हात हातात घेऊन तो म्हणाला, ‘मारी मारी, पेञी’. मी खुशीत वर्गात जाऊन बसले. तिथे धडा पहिला निघाला तेव्हा कळलं, की त्याने मला पुरुषांत जमा केलं होतं. पुढची तीन वर्षं तो मला ‘पेञी’च म्हणत राहिला. वर्गात इतर कुणालाही हा मान नव्हता.

यातली गंमत मराठी माणसाला जास्त कळेल. आपलं क्रियापद सतत विचारत असतं, बोलणारा बाई की पुरुष? करतो की करते, बरा की बरी? मापुदुंगुनच्या क्रियापदाला त्याचं काही पडलेलं नाही. ‘कुमेलेन’ बाईही म्हणते, पुरुषही म्हणतो. तो, ती, ते यांना मिळून एकच ‘फेय’. पण नात्याच्या शब्दाशी आलात की भाषा तुम्हाला थांबवते आणि विचारते, आधी सांग, तू कोण? वडील मुलाला ‘फोतुम’ म्हणतात आणि मुलीला ‘ञावे’. आई दोघांनाही ‘पुञेञ’ म्हणते. मूल एकच, शब्द बोलणाऱ्यावर ठरतो.

काका, मामा, आत्या यांची सरमिसळ करणाऱ्या भाषा शिकताना आपली चिडचिड होते. इथे ती होणार नाही. वडिलांचा भाऊ ‘माये’ (यातला ‘ये’ म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूला लावून थोडा ‘ल’ मिसळायचा), आईचा भाऊ ‘वेकू’, वडिलांची बहीण ‘पालू’. आजोबांच्या बाबतीत तर त्यांनी आपल्या पुढे मजल मारली आहे. वडिलांचे वडील ‘लाकू’ आणि आईचे वडील ‘चेद्की’. शिवाय हे शब्द दोन्ही बाजूंनी चालतात. नातू आजोबांना ‘लाकू’ म्हणतो आणि आजोबाही नातवाला ‘लाकू’ म्हणतात. एका घरात आजोबा अंगणातून ‘लाकू!’ अशी हाक मारत होते आणि चार वर्षांचं पोर आतून ‘लाकू!’ असं ओरडत होतं. कोण कुणाला शोधतंय ते कळायला मला वेळ लागला.

वयाने मोठ्या बाईला ‘पापाय’ म्हणा, मोठ्या पुरुषाला ‘चाचाय’. दोन्हींत आदरही आहे आणि मायाही. बरेच लोक जमले असतील तर ‘मारी मारी, कोम पू चे’, म्हणजे सगळ्या मंडळींना नमस्कार. पण घरात आठ माणसं असतील तर हा घाऊक नमस्कार पुरेसा समजू नका. एकेकाजवळ जाऊन, हात मिळवून, एकेकाला म्हणायचं.

प्रश्न : मी संस्कृत शिकवत असे. मापुदुंगुनमध्ये द्विवचन आहे असं ऐकलं. खरं का? आणि ‘तू’ व ‘आपण’ असा भेद?

द्विवचन आहे आणि ते पोथीत ठेवलेलं नाही, रोजच्या बोलण्यातलं आहे. मी ‘इञ्चे’, आम्ही दोघं ‘इञ्चिव’, आम्ही सगळे ‘इञ्चिञ’. तू ‘एयमी’, तुम्ही दोघं ‘एयमू’, तुम्ही सगळे ‘एयमुन’. नवराबायको समोर आले तर ‘चुम्लेयमू?’ आणि तीन माणसं असली की ‘चुम्लेयमुन?’ दारात किती माणसं उभी आहेत ते मोजून विचारपूस करायची.

आदरार्थी बहुवचन मात्र नाही. अजिबात नाही. लहान पोराला ‘एयमी’ आणि नव्वदीच्या आजीलाही ‘एयमी’. आदर सगळा ‘पापाय’मध्ये आणि आवाजात. हे पुस्तकात वाचून कळतं, पण जीभ ऐकत नाही. वर्गातल्या बाई आम्हाला एकदा चोल्चोलजवळच्या त्यांच्या मावशींकडे घेऊन गेल्या. मावशी ऐंशीच्या घरातल्या, दारात उभ्या. माझ्या मराठी मनाला त्यांना ‘तू’ म्हणवेना. मी आदराने बहुवचन वापरलं, ‘मारी मारी, पापाय. चुम्लेयमुन?’

मावशींनी स्वतःच्या मागे वळून पाहिलं. मागे चूल आणि एक मांजर. मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘किदुलेन’. एकटीच आहे गं मी.

प्रश्न : भाषेचं नाव कुठे मापुदुंगुन, कुठे मापुझुगुन, कुठे चेदुङुन. या वेगवेगळ्या भाषा आहेत का?

काही फरक बोलीचा आहे, काही नुसता लिहिण्याचा.

बोलीचा असा, की आन्देसच्या डोंगरात बिओबिओ नदीच्या वरच्या अंगाला राहणारे पेवेन्चे आपल्या बोलीला चेदुङुन म्हणतात, माणसांचं बोलणं. दक्षिणेला ओसोर्नोच्या बाजूच्या विइचे मंडळींची बोली त्सेसुङुन. ती बाकीच्यांपासून बरीच दूर गेलेली आहे.

लिहिण्याचं दुखणं वेगळं. या भाषेचं पहिलं व्याकरण लुइस दे वाल्दिविया या जेझुइट पाद्र्याने लिहिलं, ते 1606 साली लिमात छापलं गेलं. म्हणजे चारशे वर्षांहून जास्त काळ ही भाषा रोमन अक्षरांत लिहिली जाते आहे आणि अजून एकच एक वर्णमाला सगळ्यांनी मानलेली नाही. अन्सेल्मो रागिलेओ या मापुचे भाषाअभ्यासकाने 1982मध्ये एक वर्णमाला मांडली. प्रत्येक ध्वनीला एकच अक्षर, आणि तेही स्पॅनिश वळणाचं नको, हा आग्रह. त्यात आपला ‘ङ’ नुसत्या ‘जी’ने लिहितात, सपाट ओठांचा ‘उ’ ‘व्ही’ने आणि ‘ट्र’ ‘एक्स’ने. पुढे 1986मध्ये भाषातज्ज्ञांनी ‘एकत्रित’ वर्णमाला काढली, ती स्पॅनिश वाचणाऱ्याला सोपी जाते. तिच्यात ‘ङ’ला ‘एन’ आणि ‘जी’ अशी दोन अक्षरं. नंतर सरकारची म्हणून तिसरी आली. ‘मापुझुगुन’ हे रागिलेओ पद्धतीचं रोमन रूप आपण इंग्रजीसारखं वाचलं की होतं. बोलताना तिथेही ‘ङ’च आहे.

कोणती पद्धत वापरायची यावर तिथे मैत्र्या तुटतात, ही अतिशयोक्ती नाही. तुम्ही पाहुणे आहात. यजमान ज्या पद्धतीने लिहितात त्या पद्धतीने वहीत लिहून घ्या आणि मत विचारलं तर चहा मागा.

प्रश्न : नाव सांगितलं, गाव सांगितलं, की ओळख संपली ना? माझी एक चिलियन सहकारी म्हणाली, की तेवढ्याने भागत नाही.

तुमच्या सहकारी बरोबर सांगतात.

रस्त्यावर, बसमध्ये, बाजारात तेवढ्याने भागतं. घरी पाहुणे म्हणून गेलात, किंवा समारंभ असेल, तर नाव ही ओळखीतली सगळ्यात हलकी गोष्ट आहे. खरी ओळख दोन शब्दांत आहे : ‘तुवुन’ आणि ‘कुपाल्मे’. तुवुन म्हणजे कुठल्या भूमीतून आलात. कुपाल्मे म्हणजे कुणाच्या वंशातून आलात. तुवुनमध्ये देश सांगून भागत नाही. मापुचे स्वतःला कुठल्या बाजूचे तेही सांगतात. लाफ्केन म्हणजे समुद्र, त्याच्या काठचे लाफ्केन्चे. पेवेन म्हणजे आराउकारियाचा वृक्ष, त्याच्या रानातले पेवेन्चे. विइ म्हणजे दक्षिण, तिकडचे विइचे. आन्देसच्या पलीकडची, आज अर्जेंटिनात असलेली भूमी ‘पुएल मापू’, पूर्वेची भूमी. कुपाल्मेची खूण नावातही सापडते. एकोणिसाव्या शतकातला तिकडचा मोठा लोन्को, म्हणजे प्रमुख, कायफुकुरा. ‘कायफू’ म्हणजे निळा, ‘कुरा’ म्हणजे दगड. असे दगड, नदी, गरुड, साप नावांच्या शेवटी वंशातून उतरत आलेले असतात.

याच्या भोवती एक विधिवत विचारपूस असते, तिला ‘पेन्तुकुन’ म्हणतात. ती मी पहिल्यांदा त्या मावशींच्याच अंगणात पाहिली. आम्ही पोचलो तेव्हा शेजारच्या वस्तीतून एक वृद्ध गृहस्थ आले होते. दोघं समोरासमोर उभे राहिले. एक बोलायला लागला, तो थांबेचना : तू कशी आहेस, घरातली सगळी बरी आहेत का, कुणी आजारी नाही ना, वस्तीत काय चाललंय, जनावरं कशी आहेत. आवाज एका लयीत. दुसरी बाजू मध्ये तोंड उघडत नव्हती, फक्त ‘फेलेय’, ‘फेलेय’, असंच आहे, असंच आहे. मग पाळी बदलली. वर पावसाची भुरभुर चालू होती आणि दोघांपैकी एकानेही आडोशाला पाऊल टाकलं नाही. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. मला वाटलं होतं, नमस्कार म्हणजे पुस्तकाचं पहिलं पान. इथे अख्खा धडाच नमस्काराचा होता.

मग माझी पाळी आली. किदुलेनचं हसू तोवर विरलं होतं. मी पाठ केलेलं म्हटलं, नाव पिङेन, इंडिया मापू तुवुन. मावशी पाहत राहिल्या. वर्गातल्या बाई कानाशी कुजबुजल्या, ‘आईवडील’. मी शब्द जुळवले, ‘ञी चाव’, माझे वडील, अमुक ‘पिङेय’, ‘ञी ञुके’, माझी आई, तमुक ‘पिङेय’. मावशींनी विचारलं, ‘मोङेलेय?’ आहेत का? मला ‘नाहीत’ कसं म्हणायचं ते येत नव्हतं. मी नुसती मान हलवली.

‘चाव एम,’ मावशी हळूच म्हणाल्या. ‘ञुके येम.’

हा ‘एम’ कुठल्याही पहिल्या धड्यात नसतो. गेलेल्या माणसाच्या नावामागे, नात्यामागे तो लावतात. आपण कैलासवासी लिहितो तसा, पण कैलासवासी पत्रिकेत असतो, हा ओठांवर असतो, उसाशासारखा. आपले आईवडील नसतील तर ‘ञी चाव एम’ असं म्हणा. स्वर संपल्यावर लावायचा असेल तर ‘येम’ होतो. नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्या वाचक भगिनींनीही हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

प्रश्न : स्पष्टच विचारतो. तिथे सगळ्यांना स्पॅनिश येतं. मग दोन दिवसांसाठी हा खटाटोप कशाला? शिवाय परक्याने मोडकंतोडकं बोललेलं त्यांना आवडतं का?

स्पॅनिश जवळजवळ सगळ्यांना येतं हे खरं. मापुचे असूनही मापुदुंगुन न येणारे खूप आहेत, हेही खरं. चिलीच्या 2017च्या जनगणनेत सतरा लाखांवर लोकांनी स्वतःला मापुचे म्हटलं, त्यातले सहा लाखांहून जास्त राजधानी सान्तियागोच्या परिसरात राहतात. त्यातल्या कित्येकांना ‘मारी मारी’च्या पुढे जाता येत नाही. याला त्यांचा आळस कारण नाही. चिलीच्या सैन्याने मापुचेंची भूमी, आराउकानिया, ताब्यात घेण्याची मोहीम 1861 ते 1883 चालवली. जमीन गेली, माणसं तुकड्यांवर कोंबली गेली. मग शाळा आल्या आणि शाळेत ही भाषा बोलली की मार बसायचा. ज्यांनी तो मार खाल्ला त्यांनी पोरांशी घरात स्पॅनिश बोलायला सुरुवात केली. माझ्या वर्गात पंचविसांपैकी वीस मापुचेच होते. आजीची भाषा शिकायला आलेले नातू.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरसकट ‘हो, आवडतं’ असं मी देणार नाही. बहुतेकांना आवडतं, खळखळून हसतात, दुरुस्त करतात. पण एकदा एक तरुण मुलगा माझं ‘कुमेलेन’ ऐकून गप्प झाला आणि नंतर म्हणाला, ‘तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं.’ त्यात कौतुक नव्हतं. तेव्हापासून मी तिथे समोरच्याने एक वाक्य बोलल्याशिवाय दुसरं बोलत नसे. नमस्कार करा आणि थांबा. पुढचा शब्द त्यांना बोलू द्या. तो स्पॅनिश आला तर स्पॅनिश.

खटाटोप कशाला, याबद्दल एक आठवण तेवढी देते. 4 जुलै 2021 रोजी चिलीच्या 155 सदस्यांच्या घटना समितीने अध्यक्ष म्हणून एलिसा लोन्कोन यांना निवडलं. त्या मापुचे आहेत आणि भाषाशास्त्राच्या प्राध्यापक. आडनावही ‘लोन्को’तलं. भाषण सुरू करताना त्यांनी आधी मापुदुंगुनमध्ये सगळ्यांना नमस्कार केला आणि मग स्पॅनिशकडे वळल्या. मी ते इथे घरी बसून पाहत होते. वर्गातल्या बाईंनी दोन मिनिटांत मला निरोप धाडला, त्यात एकच शब्द होता, ‘ऐकलंस?’ स्पॅनिशमध्ये.

प्रश्न : वय विचारलेलं चालतं का? आणि आकडे?

चालतं. ‘तुन्तेन ट्रिपान्तू निएयमी?’ तुला वर्षं किती? ट्रिपान्तू म्हणजे वर्ष, त्यातला ‘आन्तू’ सूर्य आहे. आकडे असे : किञे, एपू, कुला, मेली, केचू, कायू, रेग्ले, पुरा, आयया, मारी. झाले दहा. पुढचं पाठ करावं लागतच नाही. मारी एपू म्हणजे दहा-दोन, बारा. एपू मारी म्हणजे दोन-दहा, वीस. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत आयुष्यभर गोंधळलेल्या माझ्यासारखीला हे गणित फार मानवलं. शंभराला ‘पाताका’, पण तो शब्द त्यांनी उत्तरेकडच्या आयमारा भाषेतून उसना घेतलेला आहे.

त्या मावशींनीही मला वय विचारलं होतं. तेव्हाचं उत्तर आता जुनं झालं, आजचं देते : कायू मारी रेग्ले ट्रिपान्तू निएन. करा हिशेब.